शीडनौकानयन : पाण्यावरची पाठशाळा

वाशीम जिल्ह्यातील मंगरूळपीर या तालुक्याच्या गावापासून समुद्र सरळ रेषेत साडेचारशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. दादा हयात कलंदर यांच्या दर्ग्यामुळे सर्वदूर परिचित असलेल्या या गावाचा सागराशी काही संबंध असू शकेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. तथापि वाशीम हा जलविभाजकावर वसलेला जिल्हा आहे. येथील काटेपूर्णा उत्तरेकडे वाहत जाऊन पूर्णेला मिळते आणि तिचे पाणी तापीच्या मार्गाने अरबी समुद्रास पोहोचते. अडाण व अरुणावती या नद्यांचे पाणी पैनगंगा, वर्धा, प्राणहिता आणि गोदावरी असा दीर्घ प्रवास करून बंगालच्या उपसागरास मिळते. एकाच जिल्ह्यात पडलेला पाऊस दोन समुद्रांना वाटला जातो, ही गोष्ट येथील विद्यार्थ्याला नकाशावरून शिकता येते. परंतु पाण्यावर स्वतः वावरण्याची आणि पाण्याचा स्वभाव ओळखण्याची संधी त्याला क्वचितच लाभते.

शीडनौकानयन हा किनाऱ्यावरच्या सधन लोकांचा छंद होय, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः हा खेळ गोड्या पाण्याच्या तलावावरही तितक्याच चांगल्या रीतीने शिकता येतो. वारा, पाणी आणि गणित यांचा मेळ घालून मुलाने स्वतः निर्णय घ्यावयाचा आणि त्या निर्णयाचे फळ लगेच अनुभवावयाचे, अशी ही विद्या आहे. तिची पहिली पायरी मात्र नौका नसून पोहणे व जलसुरक्षा ही आहे. धरण, विहीर किंवा शेततळे असलेल्या प्रत्येक गावाला या पहिल्या पायरीची गरज आहे. म्हणूनच समुद्रापासून दूर असलेल्या तालुक्यांतील शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनीही या विषयाचा विचार करणे अगत्याचे ठरते.

किनाऱ्यापासून दूर घडलेले नाविक

समुद्राविना नाविक घडतात काय, या प्रश्नाचे उत्तर शेजारच्या मध्य प्रदेशात मिळते. देवास जिल्ह्यातील अमलाताज या खेड्यातील शेतकरी कुटुंबातील नेहा ठाकूर या विद्यार्थिनीने २०२३ साली हांगझोऊ येथील आशियाई क्रीडास्पर्धांत मुलींच्या शीडनौका शर्यतीत रौप्यपदक मिळविले. त्यापूर्वी २०१८ साली जकार्ता येथील स्पर्धांत नर्मदाकाठच्या होशंगाबादची हर्षिता तोमर कांस्यपदकाची मानकरी ठरली. दोघींचे शिक्षण भोपाळच्या मोठ्या तलावावर झाले. शासनाने त्या तलावावर उभ्या केलेल्या प्रशिक्षणव्यवस्थेमुळे समुद्र न पाहिलेली मुलेही या खेळात राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय पातळीवर पोहोचू शकली. हैदराबाद येथे हुसेनसागर तलावावर एका नौकानयन संस्थेने गरीब वस्त्यांतील मुलामुलींना शीडनौका शिकविण्याचे कार्य हाती घेतले आणि तेथील मुले राष्ट्रीय स्पर्धांत चमकली.

महाराष्ट्रातही याचे उदाहरण आहे. पुण्याजवळ खडकवासला येथील राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत भूदल, नौदल व वायुदल अशा तिन्ही दलांचे छात्र खडकवासला जलाशयावर शीडनौका चालविण्याचे शिक्षण घेतात. पुढे रणगाड्यात किंवा विमानात बसणाऱ्या तरुणालाही नौकेवर का बसवावे, याचे उत्तर या शिक्षणाच्या हेतूत आहे. नौका हे तेथे साधन असते. घडवावयाचा असतो तो माणूस.

भारतीय नौदलाच्या सागर परिक्रमेची कल्पना मांडणारे व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी निवृत्तीनंतर सातारा जिल्ह्यात फलटणजवळच्या विंचुर्णी या गावी राहिले. समुद्रापासून दूर असलेल्या त्या गावातून त्यांनी पृथ्वीप्रदक्षिणेचा ध्यास घेतलेल्या तरुण अधिकाऱ्यांना मार्गदर्शन केले. गोव्यातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ या शीडनौकेतून कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९–१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले भारतीय होत. त्याच नौकेतून अभिलाष टॉमी यांनी २०१२–१३ मध्ये कोठेही न थांबता हा प्रवास पूर्ण केला. पुढे सप्टेंबर २०१७ मध्ये लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली नौदलाच्या सहा महिला अधिकारी ‘तारिणी’ या नौकेतून गोव्याहून निघाल्या. सुमारे २१,६०० सागरी मैलांचा प्रवास करून २५४ दिवसांनी, मे २०१८ मध्ये, त्या गोव्यास परतल्या. मुलींना हा खेळ झेपेल काय, ही शंका घेण्यास यानंतर जागा उरलेली नाही.

समुद्राद्वारे शिक्षण : एक विचार

नौकेचा शिक्षणासाठी उपयोग करण्याचा विचार विसाव्या शतकात विशेष जोमाने मांडला गेला तो कुर्ट हान या शिक्षणतज्ज्ञाकडून. जर्मनीत १९२० साली सालेम येथील शाळेच्या स्थापनेत त्यांचा वाटा होता. नाझी राजवटीस विरोध केल्यामुळे त्यांना देश सोडावा लागला आणि १९३४ साली त्यांनी स्कॉटलंडमध्ये गॉर्डनस्टन ही शाळा काढली. तेथे नौकानयनास अभ्यासक्रमात स्थान होते. पुढे १९४१ साली, महायुद्ध चालू असता, जहाजमालक लॉरेन्स होल्ट यांच्या साहाय्याने त्यांनी वेल्समधील अॅबरडोव्ही येथे तरुणांसाठी अल्पमुदतीचे साहसशिक्षण सुरू केले. बुडालेल्या जहाजांवरील तरुण खलाशी वयस्क खलाशांच्या मानाने लवकर धीर सोडतात, ही चिंता त्या उपक्रमामागे होती. शरीरबळापेक्षा अनुभवातून आलेला आत्मविश्वास संकटात अधिक उपयोगी पडतो, हा त्यातून निघालेला निष्कर्ष होता. मुलांना समुद्रासाठी तयार करावयाचे नसून समुद्राच्या साहाय्याने जीवनासाठी तयार करावयाचे आहे, ही या उपक्रमाची मूळ भूमिका होती. समुद्राच्या जागी तलाव आला, तरी ती भूमिका बदलत नाही.

छोटी नौका व तिची रचना

मुलांच्या शिक्षणासाठी जगभर वापरली जाणारी नौका ‘ऑप्टिमिस्ट’ या नावाने ओळखली जाते. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात क्लिअरवॉटर या गावी क्लार्क मिल्स या नौकाबांधणी करणाऱ्या कारागिराने १९४७ साली तिचा आराखडा तयार केला. गावातील मुलांसाठी स्वस्त नौका हवी, अशी तेथील एका नागरी मंडळाची मागणी होती. म्हणून प्लायवुडच्या दोन तक्त्यांतून ती बनविता येईल, अशी योजना त्यांनी केली. ही नौका सुमारे सव्वादोन मीटर लांब असते व तिच्या सांगाड्याचे वजन सुमारे ३५ किलो भरते. तिला एक डोलकाठी, एक शीड व एक सुकाणू असते, आणि तळातून पाण्यात उतरणारी एक उभी फळी असते. पंधरा वर्षांपर्यंतचा मुलगा किंवा मुलगी ती एकट्याने चालविते. मुलगे व मुली यांच्यासाठी नौका निराळी नसते.

वारा पाठीमागून असेल तर तो शिडाला ढकलतो, हे कोणीही समजू शकतो. वारा बाजूने असेल तेव्हा मात्र नौका अनेकदा अधिक वेगाने जाते. शीड योग्य कोनात धरले असता त्याच्या फुगीर बाजूस हवेचा दाब कमी होतो, आतल्या बाजूस तो अधिक राहतो, आणि या फरकातून शिडावर जोर निर्माण होतो. हा जोर नौकेला काही अंशी पुढे व काही अंशी आडवा ओढतो. पाण्यात उतरलेली फळी आडवे सरकणे रोखते. परिणामी नौका पुढे जाते.

वारा थेट समोरून येत असेल तर कोणतीही शीडनौका त्याच्या दिशेने सरळ जाऊ शकत नाही. वाऱ्याच्या दिशेशी उजवीकडे किंवा डावीकडे साधारण ४५ अंशांचा कोन ठेवून तिला नागमोडी वाट धरावी लागते. वारा पाहून पाठ फिरविणे हा वाक्प्रचार मराठीत परिस्थितीप्रमाणे धोरण बदलण्याच्या अर्थाने योजिला जातो. शीडनौका मुलाला त्याहून निराळी गोष्ट शिकविते. प्रतिकूल वाऱ्यापुढे पाठ फिरविण्याची गरज नसते. वाट थोडी लांब धरली तर त्याच वाऱ्याच्या बळावर समोरच्या काठास पोहोचता येते.

वर्गातील विषय नौकेवर

शालेय विषयांशी या विद्येचा संबंध किती जवळचा आहे, हे काही उदाहरणांवरून स्पष्ट होईल.

गणिताचे उदाहरण प्रथम घेऊ. काठावरील खूण वाऱ्याच्या बरोबर दिशेला १०० मीटर अंतरावर आहे. नौका दोन्ही बाजूंनी ४५ अंशांचा कोन ठेवून गेली, तर तिला सुमारे १४१ मीटर अंतर कापावे लागते. काटकोन त्रिकोणाचे प्रमेय फळ्यावर शिकलेल्या विद्यार्थ्याला वर्गमूळ दोनचा अर्थ येथे हातातील दोरीतून कळतो. कोन ४५ ऐवजी ६० अंशांचा ठेवला तर अंतर २०० मीटर होते. थोडी शिस्त सुटली की वाट किती वाढते, हे त्याला निराळे सांगावे लागत नाही.

विज्ञानात आर्किमिडीजचे तत्त्व सर्व विद्यार्थी शिकतात. नौकेचा सांगाडा ३५ किलो, शीड व इतर साहित्य १० किलो आणि विद्यार्थी ४० किलो असे धरले, तर एकूण ८५ किलो वजन तोलण्यासाठी ८५ लिटर पाणी बाजूस सारले जाते. तरफेचे तत्त्वही असेच प्रत्यक्षात दिसते. वाऱ्याने नौका कलू लागली की विद्यार्थी विरुद्ध काठावर सरकून बसतो. मध्यरेषेपासून अर्ध्या मीटरवर असलेला शरीराचा भार पाऊण मीटरवर गेला, तर त्याचा तोल सावरण्याचा परिणाम दीडपट होतो. वजन तेच असते, फक्त अंतर बदलते.

भूगोलासाठी वाऱ्याचे निरीक्षण अत्यंत उपयुक्त ठरते. ब्रिटिश नौदल अधिकारी फ्रान्सिस ब्यूफर्ट यांनी १८०५ साली तयार केलेली वाऱ्याची मापनश्रेणी कोणत्याही उपकरणाशिवाय वापरता येते. धूर वाऱ्याबरोबर कलतो पण पाने हलत नाहीत, तेव्हा श्रेणी १ असते व वाऱ्याचा वेग ताशी १ ते ५ किलोमीटर असतो. चेहऱ्यास वारा जाणवतो व पाने सळसळतात, तेव्हा श्रेणी २, म्हणजे ६ ते ११ किलोमीटर. पाने व डहाळ्या सतत हलतात आणि हलका झेंडा फडकतो, तेव्हा श्रेणी ३, म्हणजे १२ ते १९ किलोमीटर. धूळ व कागद उडू लागले की श्रेणी ४ होते व वेग २० ते २८ किलोमीटर असतो. नवशिक्या विद्यार्थ्यांनी श्रेणी २ व ३ मध्येच नौका काढावी आणि धूळ उडू लागली की काठावर परतावे, असा सोपा नियम यावरून करता येतो. मंगरूळपीरच्या शाळेतील लिंबाचे झाड व ध्वजस्तंभ हीच येथे उपकरणे होत.

भाषेच्या शिक्षकासही येथे साहित्य मिळते. शीड, डोलकाठी, सुकाणू, नांगर, तांडेल हे शब्द मराठीने शतकानुशतके वापरले आहेत. शिवछत्रपतींनी उभारलेल्या आरमाराचे महत्त्व ओळखून रामचंद्रपंत अमात्यांनी आपल्या आज्ञापत्रात आरमारासाठी स्वतंत्र प्रकरण लिहिले. ज्याने सुकाणू प्रत्यक्ष हाती धरले आहे, त्या विद्यार्थ्याला हा इतिहास केवळ परीक्षेपुरता वाटणार नाही.

स्वभावाची जडणघडण

वर्गात विद्यार्थ्याची चूक शिक्षक दाखवितात. नौकेवर ती वारा दाखवितो. शीड सैल राहिले तर ते फडफडते व नौका थांबते. अतिशय ताणले तर नौका कलते. यात रागावणारा कोणी नसतो व पक्षपातही नसतो. चूक आणि तिचा परिणाम यांच्यामध्ये काही क्षणांचेच अंतर असल्याने मूल कारण शोधू लागते. दुसऱ्यास दोष देण्याची सवय येथे उपयोगी पडत नाही.

नौका उलटणे हा तर या शिक्षणाचा नेमून दिलेला पाठच असतो. प्रशिक्षक उथळ व सुरक्षित जागी नौका मुद्दाम उलटवावयास लावतात. विद्यार्थ्याने नौकेस धरून राहावयाचे, तळाच्या फळीवर भार देऊन ती सरळ करावयाची, आत चढावयाचे, पाणी उपसावयाचे आणि पुन्हा निघावयाचे, असा क्रम असतो. उलटलेली नौका तरंगत राहते म्हणून तिला सोडून काठाकडे पोहत जाऊ नये, हा नियम मुलाच्या अंगवळणी पडतो. अपयश आले असता घाबरून न जाता ठरलेल्या क्रमाने सावरावे, हा धडा पुस्तकातून देणे कठीण आहे.

एकट्याच्या नौकेत स्वावलंबन वाढते, तर दोघांच्या नौकेत एकाने सुकाणू व दुसऱ्याने पुढचे शीड सांभाळताना परस्परविश्वास वाढतो. नौका पाण्यात नेणे, परत आल्यावर धुणे, शीड वाळवून घडी घालणे आणि दोरखंड जागच्या जागी ठेवणे ही कामे सर्वांनी मिळून करावयाची असतात. वर्गात मागे पडणारे मूल पुष्कळदा येथे पुढे येते. कारण पाण्यावर हुशारीचे माप निराळे असते. शाळा सोडण्याच्या उंबरठ्यावर असलेल्या मुलामुलींच्या बाबतीत या गोष्टीचे मोल विशेष आहे.

तथापि नौकेत बसले की चारित्र्य आपोआप घडते, असा दावा करणे योग्य होणार नाही. घाईचा, धाक दाखविणारा किंवा केवळ पदकांकडे पाहणारा प्रशिक्षक असेल, तर मूल पाण्याला कायमचे घाबरू शकते. लाभ मिळतो तो संयमी मार्गदर्शन, लहान टप्पे आणि प्रत्येक फेरीनंतर शांतपणे केलेली चर्चा यांमुळे.

सुरक्षितता ही पहिली अट

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात सुमारे तीन लाख माणसे बुडून मृत्यू पावली आणि त्यांत लहान मुले व तरुण यांचे प्रमाण मोठे होते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ सालच्या अहवालात भारतातील बुडून झालेल्या मृत्यूंची संख्या ३८ हजारांहून अधिक आहे. या संकटाकडे लक्ष वेधण्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०२१ साली ठराव करून २५ जुलै हा दिवस बुडून होणारे मृत्यू टाळण्याच्या कार्यास वाहिला आहे. शालेय वयातील मुलांना पोहणे, जलसुरक्षा व सुरक्षित बचाव यांचे शिक्षण द्यावे, ही आरोग्य संघटनेची प्रमुख शिफारस आहे.

१८ जानेवारी २०२४ रोजी वडोदरा येथील हरणी तलावात सहलीस आलेल्या विद्यार्थ्यांची नौका उलटून बारा विद्यार्थी व दोन शिक्षिका मृत्युमुखी पडल्या. क्षमतेपेक्षा अधिक माणसे आणि अनेकांच्या अंगावर नसलेली जीवरक्षक जाकिटे या गोष्टी त्या दुर्घटनेनंतर पुढे आल्या. मुलांना पाण्यावर नेऊ इच्छिणाऱ्या प्रत्येकाने ही घटना डोळ्यांपुढे ठेवावी. प्रत्येकाच्या अंगावर त्याच्या मापाचे व नीट बांधलेले जाकीट, नौकेच्या क्षमतेइतकीच माणसे, प्रशिक्षित बचावकर्त्यासह सज्ज असलेली बचावनौका आणि पाण्यावर गेलेल्या व परत आलेल्या मुलांची नोंद या चार बाबींपैकी एक जरी नसेल, तरी त्या दिवशी नौका पाण्यात उतरवू नये.

विदर्भातील खेड्यांत आणखी एक धोका आहे. २०१६ साली सुरू झालेल्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेसारख्या उपक्रमांमुळे शेतकऱ्यांना संरक्षित पाणी मिळाले. मात्र प्लॅस्टिक अंथरलेल्या शेततळ्याचा उतार निसरडा असतो आणि आत पडलेल्या माणसास, पोहता येत असले तरी, बाहेर येणे कठीण जाते. अशा तळ्यास कुंपण असावे आणि काठावर भक्कम खुंटास बांधलेला, ठिकठिकाणी गाठी मारलेला दोर आत सोडलेला असावा. बुडणाऱ्यास वाचविण्यासाठी मुलांनी पाण्यात उडी टाकू नये. मोठ्याने हाक मारावी, काठावर आडवे पडून काठी पुढे करावी, दोर टाकावा किंवा झाकण घट्ट लावलेला रिकामा डबा फेकावा. वीस लिटरचा असा डबा जवळजवळ वीस किलोचा भार तोलू शकतो व माणसाचे डोके पाण्यावर ठेवण्यास तो पुरेसा असतो. आर्किमिडीजचे तत्त्व येथे प्राण वाचविते.

मंगरूळपीरसारख्या तालुक्यासाठी क्रम

या विद्येचा आरंभ नौका विकत घेऊन करावयाचा नाही. तो चार टप्प्यांनी करता येईल.

पहिला टप्पा शाळेच्या आवारातच पूर्ण होतो. विद्यार्थ्यांनी महिनाभर रोज ठरावीक वेळी वाऱ्याची दिशा व श्रेणी नोंदवावी, पुठ्ठ्याच्या व लाकडाच्या छोट्या शीडनौका करून टाक्यात किंवा पसरट भांड्यात चालवाव्यात, आणि न सरकणारा फास व इंग्रजी आठच्या आकाराची गाठ यांसारख्या चार-पाच उपयुक्त गाठी शिकाव्यात. यास खर्च नगण्य येतो.

दुसरा टप्पा पोहण्याचा व बचावाचा होय. जवळ तरणतलाव असेल तर तेथे, अन्यथा पायऱ्या असलेल्या, खोली ठाऊक असलेल्या सुरक्षित जागी, जाणत्या प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली हे शिक्षण द्यावे. अंगावरील साध्या कपड्यांनिशी पन्नास मीटर पोहता आल्याशिवाय व काही मिनिटे शांतपणे तरंगता आल्याशिवाय कोणासही पुढच्या टप्प्यात घेऊ नये. मुलींसाठी महिला प्रशिक्षक व कपडे बदलण्याची आडोशाची जागा यांची व्यवस्था प्रथमपासून असावी; तिच्या अभावी मुली मागे राहतात आणि दोष त्यांच्या भित्रेपणाला दिला जातो.

तिसरा टप्पा जलाशयाच्या अभ्यासाचा आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दप्तराविना दहा दिवसांची कल्पना मांडली आहे. त्यांपैकी एखादा दिवस मंगरूळपीर शहरास पाणी पुरविणाऱ्या मोतसावंगा जलाशयासारख्या ठिकाणी घालविता येईल. पाण्याची पातळी कशी मोजतात, गाळ कोठून येतो, उन्हाळ्यात काठ किती मागे सरकतो, या प्रश्नांची उत्तरे विद्यार्थ्यांनी धरणावरील अभियंत्यांकडून घ्यावीत. जलाशयात मासेमारी करणाऱ्या भोई बांधवांना वारा, खोली व बुडालेल्या खोडांच्या जागा यांचे पिढीजात ज्ञान असते. त्यांना शाळेने सन्मानाने गुरुस्थानी बोलवावे. श्रमाने मिळविलेले ज्ञानही विद्याच होय, हा संस्कार त्यातून होतो.

चौथा टप्पा प्रत्यक्ष नौकेचा. राष्ट्रीय छात्रसेनेच्या नौदल विभागात, जो १९५२ साली सुरू झाला, शीडनौका चालविणे व वल्हविणे हे प्रशिक्षणाचे नेहमीचे विषय आहेत, आणि नागपूर येथेही या विभागाचे एकक आहे. प्रारंभी अशा ठिकाणी दोन-तीन शिक्षकांचे व काही निवडक विद्यार्थ्यांचे प्रशिक्षण व्हावे. त्यानंतर तालुक्यातील अनेक शाळांनी मिळून तीन-चार नौका वापरणे शक्य होईल. प्रत्येक शाळेने स्वतंत्र नौका घेण्याचे कारण नाही. जलसंपदा विभागाची व संबंधित नगर परिषदेची किंवा ग्रामपंचायतीची लेखी परवानगी, मच्छीमार संस्थेची संमती, पालकांचे संमतिपत्र आणि विमा या गोष्टी आधी पूर्ण कराव्यात. पिण्याच्या पाण्याच्या जलाशयात इंधनावरील यंत्रनौका टाळून विजेरीवर चालणारी बचावनौका ठेवावी. शिडाला धूर नाही व आवाजही नाही. म्हणून पाण्याचे पावित्र्य राखून खेळता येणारा हा खेळ आहे.

काळाची निवडही महत्त्वाची आहे. पावसाळ्यात वादळी वारे, विजा व गढूळ पाणी यांमुळे नौका काढणे धोक्याचे असते. उन्हाळ्यात पाणी ओसरून चिखल व खोडे उघडी पडतात. ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळात जलाशयात साठा चांगला असतो, वारे बहुधा सौम्य असतात आणि वार्षिक परीक्षाही दूर असतात. नवशिक्यांसाठी हाच काळ योग्य ठरतो.

निधी अपुरा असेल तर अग्रक्रम स्पष्ट असावा. पहिला रुपया पोहण्याच्या शिक्षणावर, दुसरा जीवरक्षक साहित्यावर आणि त्यानंतरचा नौकेवर खर्च व्हावा. तालुक्यातील प्रत्येक मुलास शीडनौका मिळणार नाही, हे उघड आहे; परंतु प्रत्येक मुलास पोहता यावे आणि बुडणाऱ्यास सुरक्षितपणे हात देता यावा, हे ध्येय आवाक्याबाहेरचे नाही. शाळा व्यवस्थापन समिती, ग्रामपंचायत आणि तालुक्यातील क्रीडाशिक्षक यांनी एकत्र बसून गावातील विहिरी, शेततळी व जलाशय यांची यादी करणे आणि कोणत्या मुलांना पोहता येत नाही याची नोंद घेणे, एवढ्यानेही कार्यास आरंभ होऊ शकेल.

गेल्या काही दशकांत महाराष्ट्राच्या अंतर्भागात धरणे, तलाव व शेततळी यांच्या रूपाने मोठी जलसंपत्ती उभी राहिली. शेती व पिण्याचे पाणी हा तिचा पहिला उपयोग होय व तो तसाच राहिला पाहिजे. मात्र ज्या पाण्याच्या काठी मुले वाढतात, त्या पाण्याविषयी त्यांच्या मनात आंधळी भीतीही नसावी आणि आंधळे धाडसही नसावे. जाणतेपणाने आलेला आदर असावा. तो निर्माण करण्याचे सामर्थ्य शीडनौकानयनात व त्यासाठी आवश्यक असलेल्या जलसुरक्षेच्या शिक्षणात आहे.